आयपी ॲड्रेस तोच, पण त्या मिनिटाला तो होता कुणाकडे?

२००७ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. बेंगळुरूमध्ये आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाच्या दारात पुणे पोलीस येऊन उभे राहिले. आरोप साधासुधा नव्हता. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान करणारी चित्रं टाकल्याचा संशय त्याच्यावर होता. (ऑर्कुट म्हणजे फेसबुकच्या आधीचं फेसबुक. २०१४ मध्ये ते बंद झालं, त्यामुळे आत्ता कॉलेजात असलेल्यांनी ते बघितलेलं नसणार.) पोलिसांनी ऑर्कुट चालवणाऱ्या गूगलकडून आयपी ॲड्रेस मिळवला. तो ॲड्रेस एअरटेलचा निघाला. त्या वेळी हा ॲड्रेस कोणत्या ग्राहकाकडे होता, असं पोलिसांनी एअरटेलला विचारलं आणि उत्तरात या तरुणाचं नाव आलं.

त्याला पुण्याला आणलं गेलं. तो ५० दिवस कोठडीत होता. त्यानंतर उघड झालं की कंपनीने दिलेला तपशीलच चुकीचा होता.

मग चूक नेमकी कुठे झाली? पुढे समोर आलं ते असं, की पोलिसांनी माहिती मागताना वेळ १:१५ अशी दिली होती, पण ती दुपारची की रात्रीची हे नीट स्पष्ट केलेलं नव्हतं. दुपारचे सव्वा आणि रात्रीचे सव्वा यांच्यात बारा तासांचं अंतर. तेवढ्या वेळात तोच आयपी ॲड्रेस एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेलेला असू शकतो.

पुणे-बेंगळुरूची ही गोष्ट वाशीमच्या माणसाला लांबची वाटेल. पण समजा, वाशीमच्या पाटणी चौकाजवळ एक अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, जी जाहिरात निघेल तिची तयारी करणारी चाळीस पोरं-पोरी तिथे रोज बसतात. एकच फायबरचं कनेक्शन, एकच वायफाय, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. बिल अभ्यासिका चालवणाऱ्या काकांच्या नावावर. उद्या त्या वायफायवरून कुणी कुणाला धमकीचा मेसेज पाठवला, तर कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव कुणाचं निघेल? काकांचं. आणि काकांना तरी कसं कळणार की चाळीस जणांपैकी तो कोण होता?

इंटरनेटवर ज्यांचा पत्ता सतत बदलत असतो, अशा उपकरणांचा माग कसा काढतात, हा प्रश्न असा थेट आपल्या दाराशी येतो.

घर तेच, पत्ता नवा

पत्ता बदलतो म्हणजे काय, हे वाशीमकरांना समजावून सांगायची फारशी गरज पडू नये. ३० जून १९९८ पर्यंत वाशीमला पत्र पाठवायचं तर शेवटी 'जिल्हा अकोला' लिहावं लागायचं. १ जुलैपासून 'जिल्हा वाशीम' झालं. कुणाचं घर एक वीटही हललं नाही, पण सगळ्यांचा पत्ता बदलला. त्याच्याही आधी, इंग्रजांच्या काळात, 'बासिम' नावाचा वेगळा जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये मोडला. त्याहून मागे वाकाटकांच्या काळात गेलं तर हेच गाव 'वत्सगुल्म' होतं. म्हणजे जुना कागद हातात आला आणि त्यावर फक्त 'जि. अकोला' दिसलं, तर कागदाची तारीख बघितल्याशिवाय काही ठरवता येत नाही.

आयपी ॲड्रेसचं तसंच आहे, फक्त तिथे बदल शंभर वर्षांत नाही, शंभर मिनिटांतही होतो. त्यासाठी लॉजचं उदाहरण जास्त जवळचं. कारंज्याला गुरुमंदिराच्या दर्शनाला आलेला माणूस लॉजवर उतरतो आणि त्याला खोली नंबर १२ मिळते. दुसऱ्या दिवशी तो जातो, तीच खोली परभणीच्या कुटुंबाला मिळते. '१२ नंबरमध्ये कोण होतं?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, हे विचारल्याशिवाय मॅनेजर रजिस्टर उघडणार नाही. उघडून चुकीच्या तारखेची ओळ वाचली, तर भलत्याच माणसाचं नाव सांगेल. पुण्याच्या प्रकरणात झालं ते एवढंच.

पण पत्ता बदलायची गरजच काय?

कारण खोल्या कमी आणि पाहुणे जास्त. आयपी ॲड्रेसची जी जुनी आणि अजूनही सर्रास चालणारी पद्धत आहे, म्हणजे आयपीव्ही४, तिच्यात जगभरात मिळून साधारण ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. १९८० च्या दशकात हा आकडा न संपणारा वाटला असेल. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही तळाला लागला. आज एका घरात टीव्ही, चार फोन, लॅपटॉप आणि सीसीटीव्ही मिळून सात-आठ उपकरणं सहज असतात.

त्यामुळे पत्ते कायमचे न देता भाड्याने द्यायची पद्धत रुळली. तिचं नाव डीएचसीपी. १९९३ मध्ये तिचा पहिला मसुदा आला, १९९७ मध्ये आज वापरतात ते रूप ठरलं. अभ्यासिकेत फोन वायफायला जोडला की जे घडतं ते दोन माणसांच्या बोलण्यासारखं असतं. फोन ओरडून विचारतो, 'कुणी पत्ता देतं का?' राउटर म्हणतो, 'हा घे, १९२.१६८.१.२३.' फोन म्हणतो, 'चालेल, हाच देऊन टाका.' राउटर म्हणतो, 'दिला, पण उद्या या वेळेपर्यंतच.' या मुदतीला लीज म्हणतात. अर्धी मुदत सरली की फोन स्वतःच ती वाढवून मागतो. पोरगं घरी निघून गेलं आणि मुदत संपली, की राउटर तोच २३ नंबर पुढच्या फोनला द्यायला मोकळा.

हे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात. तुमच्या घरी, शेजाऱ्याकडे, मालेगावच्या बँकेत (आपलं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिकचं नाही) सगळीकडे तेच असू शकतात, जसं प्रत्येक लॉजमध्ये १२ नंबरची खोली असते. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच सार्वजनिक पत्ता. चाळीस जण आणि पत्ता एक.

राउटर मात्र आतल्या आत हिशोब ठेवतो. त्याच्या सेटिंगच्या पानावर 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' किंवा 'कनेक्टेड डिव्हायसेस' अशी यादी सापडते. कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे, ते तिथे दिसतं. अडचण अशी की बहुतेक घरगुती राउटर ही यादी फक्त 'आत्ता'ची दाखवतात. लाईट गेली, राउटर बंद-चालू झाला, की कालचा हिशोब गेला. आणि लोडशेडिंग काय असतं हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

मग उपकरण ओळखायचं कशावरून?

वीस-एक वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आयपी बदलला तरी उपकरणाचा मॅक ॲड्रेस बदलत नाही, त्यावरून ओळखा. मॅक ॲड्रेस हा प्रत्येक वायफाय किंवा नेटवर्क कार्डावर कारखान्यात टाकलेला ४८ बिटांचा क्रमांक असतो. त्याचा पहिला अर्धा भाग कंपनी सांगतो, दुसरा अर्धा त्या कंपनीचं नेमकं कार्ड. गाडीच्या चेसिस नंबरसारखं समजा. नंबर प्लेट बदलेल, चेसिस नंबर तोच.

राउटर पत्ता देताना हाच मॅक लिहून ठेवतो. त्यामुळे नेटवर्क सांभाळणाऱ्याला एक सोयही मिळते. ऑफिसातला प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन यांचा पत्ता बदलला तर सगळ्यांचीच पंचाईत होते. तेव्हा राउटरला सांगून ठेवता येतं की या मॅकचं मशीन कधीही आलं तरी त्याला हाच पत्ता द्यायचा. लॉजमध्ये नेहमीच्या पाहुण्याची खोली राखून ठेवतात, तसं.

पण न बदलणारा क्रमांक म्हणजे पाठलाग करणाऱ्याची चंगळ, हे हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. २०१३ मध्ये लंडनच्या आर्थिक भागात रस्त्यावरच्या १२ कचरापेट्यांमध्ये वायफाय टिपणारी यंत्रं बसवली गेली. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या खिशातले फोन वायफाय शोधताना आपला मॅक मोठ्याने सांगत फिरतात, आणि या पेट्या तो टिपून घेत होत्या. कोण रोज इथून जातं, किती वेळा जातं, सगळं. बातमी फुटल्यावर ऑगस्टमध्ये स्थानिक प्रशासनाने हा प्रकार थांबवायला लावला. कचरापेटीने माणसावर नजर ठेवावी, ही कल्पनाच लोकांना झेपली नाही.

त्यानंतर फोन कंपन्यांनी मॅकलाच मुखवटा चढवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये आयफोनने वायफाय शोधताना खोटा मॅक सांगायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कला वेगळाच, स्वतः बनवलेला मॅक दाखवू लागले. म्हणजे तुमचा फोन घरी एका नावाने वावरतो, अभ्यासिकेत दुसऱ्या, आणि चहाच्या टपरीवरच्या वायफायवर तिसऱ्या. तुम्हाला माहीत नसतानाही हे चालू असतं, कारण ही सोय आपोआप सुरूच असते.

तुमच्या राउटरच्या यादीत हा मुखवटा ओळखायची एक खूण आहे. मॅकचे अंक-अक्षर जोडीजोडीने लिहिलेले असतात. पहिल्या जोडीतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो सहसा कारखान्याचा नाही, बनवलेला मॅक. आज कोणत्याही घरातली यादी उघडलीत तर बहुतेक फोनांपुढे हेच दिसेल.

याचा एक गंमतीदार पण डोकेदुखीचा परिणाम होतो. एखाद्या फोनने वायफाय विसरून पुन्हा जोडलं आणि नवा मुखवटा घातला, तर राउटरला तो नवा पाहुणा वाटतो. त्याला नवी खोली दिली जाते आणि जुनी मुदत संपेपर्यंत अडकून पडते. अभ्यासिकेच्या राउटरमध्ये १०० पत्त्यांचीच सोय असेल आणि मुदत आठवड्याची ठेवली असेल, तर चाळीसच पोरं असूनही एक दिवस नव्या फोनला नेट मिळेनासं होतं. काका कंपनीला फोन करून भांडतात. दोष कंपनीचा नसतो. मुदत कमी करून काही तासांवर आणली की प्रश्न सुटतो.

जे बदलत नाही, ते शोधा

पत्ता बदलतो, मॅक बदलतो, तर मोठी ऑफिसं, कॉलेजं, बँका उपकरणांचा हिशोब ठेवतात तरी कसा? त्यांनी आता पत्त्याचा नाद बराचसा सोडला आहे. त्याऐवजी आत येतानाच ओळख विचारतात. प्रत्येकाला वेगळं युजरनेम आणि पासवर्ड, किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर बसवलेलं डिजिटल प्रमाणपत्र. मग आयपी काहीही असो, रजिस्टरमध्ये 'अमुक कर्मचारी, अमुक वेळी आत आला, त्याला अमुक पत्ता मिळाला, अमुक वेळी बाहेर गेला' अशी ओळ पडते. तारेने जोडलेलं मशीन असेल तर ते स्विचच्या कितव्या खाचेत आहे हेही कळतं, आणि भिंतीतली वायर काही रातोरात दुसऱ्या खोलीत जात नाही.

एकच सामाईक पासवर्ड ठेवला की ही सगळी साखळी तिथेच तुटते. आणि हे महाराष्ट्राने फार वाईट प्रसंगातून बघितलेलं आहे.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. त्याचा आयपी ॲड्रेस शोधत तपास यंत्रणा पोहोचल्या नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटवर. ॲड्रेस बरोबर होता. वेळही बरोबर होती. ग्राहकाचं नावही बरोबर होतं. फक्त ईमेल त्याने पाठवलेला नव्हता. त्याच्या वायफायला नीट संरक्षण नव्हतं आणि बाहेरच्या कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातल्या एका कॉलेजचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय याच पद्धतीने वापरलं गेलं.

२००७ च्या प्रकरणात पत्त्यापासून ग्राहकापर्यंतचा दुवा चुकला. २००८ मध्ये तो दुवा बिनचूक होता, पण ग्राहकापासून प्रत्यक्ष माणसापर्यंतचा दुवाच नव्हता. आयपी ॲड्रेस फार तर राउटरपर्यंत नेतो, त्यापलीकडे कीबोर्डवर बोटं कुणाची होती, हे तो सांगू शकत नाही.

या घटनांनंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आणि सार्वजनिक वायफायवर वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याबद्दल सूचना काढल्या. रेल्वे स्टेशनवर फुकटचं वायफाय जोडताना मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो आणि आपण कुरकुरतो, त्याचं मूळ इथे आहे. तिथे ओळख फोनच्या पत्त्याशी जोडलेली नसते, तुमच्या सिमकार्डाशी जोडलेली असते. सायबर कॅफेंसाठीही २०११ मध्ये नियम आले. ओळखपत्र बघायचं, कोणत्या मशीनवर कोण किती ते किती बसलं ते लिहायचं, आणि ती नोंद किमान एक वर्ष जपायची.

मोबाईल डेटावर तर आणखी गुंता

आतापर्यंत बोललो ते एका घराबद्दल किंवा एका अभ्यासिकेबद्दल. मोबाईल कंपन्यांनी हाच प्रकार कोट्यवधी ग्राहकांसाठी केलेला आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे एकाच क्षणी शेकडो, कधी हजारो ग्राहक असू शकतात. रिसोडचा शेतकरी बाजारभाव बघतोय, मंगरुळपीरची विद्यार्थिनी लेक्चर ऐकतेय आणि नागपूरचा कुणीतरी रील्स बघतोय, तिघंही बाहेरच्या वेबसाईटला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात.

मग इथे लॉजचं उदाहरण अपुरं पडतं, कारण इथे एकाच खोलीत एकाच वेळी शंभर जण आहेत. त्यांना वेगळं करायला लागतो तो पोर्ट नंबर. प्रत्येक पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात आणि कंपनी ते ग्राहकांमध्ये वाटून देते. त्यामुळे माग काढायचा तर तीन गोष्टी हव्यात: सार्वजनिक पत्ता, पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ. यातलं एक जरी नसेल तरी कंपनी फक्त संशयितांची लांबलचक यादी देऊ शकते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २०११ मध्येच वेबसाईट चालवणाऱ्यांना सांगितलं होतं की नुसता पत्ता नको, पोर्टही नोंदवा. अनेक वेबसाईट अजूनही नोंदवत नाहीत. युरोपातल्या पोलिसांची मध्यवर्ती संस्था युरोपोलने २०१७ मध्ये हीच तक्रार जाहीरपणे केली होती.

वेळेचा घोळ इथे पुन्हा येतो, आणि तो एएम-पीएमपुरता नसतो. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे नोंदीत '१० तारीख, १९:४५' लिहिलं असेल तर ते आपल्याकडे १० तारखेची संध्याकाळ नसते. ती ११ तारखेची रात्र असते, सव्वा वाजता. तारीखसुद्धा बदलते. हे रूपांतर करायला विसरलेला माणूस साडेपाच तास आधीच्या पाहुण्याच्या दारावर थाप मारतो.

नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि भारतात मोबाईलवर ती मोठ्या प्रमाणात चालते. मग सगळं सोपं व्हायला हवं होतं. पण सुरुवातीच्या काळात उपकरणं आपला मॅकच या पत्त्यात घुसडायची. म्हणजे जगात कुठेही जा, शेपटी तीच. हे धोकादायक आहे हे ओळखून पत्त्याचा मागचा अर्धा भाग स्वतःहून बदलत राहायची सोय केली गेली, जी साधारण रोज नवा पत्ता बनवते. पुढचा अर्धा भाग मात्र कंपनीने त्या कनेक्शनला दिलेला असतो, त्यावरून कंपनीला ग्राहक सापडतो. थोडक्यात, वेबसाईटला तुम्ही नवे वाटता, कंपनीला जुनेच.

नकाशावरचा ठिपका

'आयपीवरून लोकेशन काढतो' असं सांगणारे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येत असतीलच. एकदा स्वतःचंच लोकेशन अशा साईटवर बघा. वाशीममध्ये बसून मुंबई, पुणे किंवा नागपूर दिसलं तर दचकू नका. पत्त्यात घर लिहिलेलं नसतं. या साईट अंदाज बांधतात, आणि बऱ्याचदा कंपनीचं जाळं जिथून बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं असतं तेच गाव दाखवतात.

हा अंदाज किती महागात पडू शकतो, हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर राहणाऱ्यांना विचारावं. मॅक्समाइंड नावाच्या कंपनीने ज्या पत्त्यांचं ठिकाण 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत होतं, त्या सगळ्यांना देशाच्या मध्याजवळचा एक ठिपका देऊन टाकला होता. तो ठिपका नेमका या शेतावर पडत होता. ६० कोटींहून जास्त पत्ते तिथे जोडले गेले. मग वर्षानुवर्षं त्या घरी पोलीस, चिडलेले अनोळखी लोक, पळून गेलेल्यांना शोधणारे असे सगळे येत राहिले. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हे उघड केल्यावर कंपनीने तो ठिपका हलवून एका तलावात नेला.

हरवलेल्या फोनसाठी म्हणूनच आयपीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे उपयोगी पडतो आयएमईआय, फोनचा १५ अंकी क्रमांक, जो फोनवर *#०६# डायल केलं की दिसतो. पोलीस तक्रारीनंतर संचार साथी पोर्टलवर तो टाकला की फोन देशभरातल्या नेटवर्कवर ब्लॉक होतो, आणि कुणी त्यात नवं सिम घातलं तर त्याचा माग निघतो. क्रमांक आजच कुठेतरी लिहून ठेवलेला बरा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

रजिस्टर कुणी आणि किती दिवस जपायचं?

डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार परवान्याच्या अटी बदलल्या आणि कंपन्यांनी कॉलच्या तसंच इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं जपाव्यात असं ठरलं. आधी ही मुदत एक वर्ष होती. इंटरनेटच्या या नोंदींना आयपीडीआर म्हणतात. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आणखी एक आदेश काढला. कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावेत आणि सगळी घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत. यातला घड्याळांचा भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही, पण माग काढण्याच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा म्हणावा लागेल. दोन रजिस्टरांची घड्याळं तीन मिनिटांनी वेगळी असली तर दोन्ही खरी असूनही जुळत नाहीत.

नोंद असणं आणि ती कोर्टात टिकणं यातही फरक आहे. याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल वाशीमपासून फार लांब नसलेल्या जालन्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर घेतला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. इथेही मुद्दा घड्याळाचाच. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. त्याच निकालात मोबाईल आणि इंटरनेट कंपन्यांनाही निर्देश दिले गेले, की तपासात एखाद्या नोंदीची जप्ती झाली असेल तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र कायम आहे.

आता पाटणी चौकातल्या आपल्या त्या अभ्यासिकेकडे. काकांनी काय करावं? भिंतीवरचा पासवर्ड काढावा, हे पहिलं. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देणारी व्यवस्था फार महाग राहिलेली नाही. इंटरनेट देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे किंवा कॉम्प्युटरवाल्याकडे 'हॉटस्पॉट लॉगिन' असं म्हटलं तरी त्याला कळतं. राउटरची वेळ बरोबर आहे का ते बघावं, कारण बऱ्याच राउटरवर ती कंपनीतून येते तशीच चुकीची पडून असते. लॉग राउटरमध्ये न ठेवता एखाद्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा, म्हणजे लाईट गेली तरी तो राहतो. आणि कोण कोणती साईट बघतं याच्या भानगडीत पडू नये, कारण माग काढायला ते लागत नाही. कोण, कधी आलं आणि कोणता पत्ता मिळाला, एवढ्या तीन रकान्यांवर काम भागतं.

बेंगळुरूच्या त्या तरुणाचं पुढे काय झालं? वर्तमानपत्रातल्या बातम्यांची दखल घेऊन राज्य मानवी हक्क आयोगाने त्याला भरपाई देण्याचा आदेश इंटरनेट कंपनीला दिला. रक्कम होती २ लाख रुपये. ५० दिवसांनी भागलं तर दिवसाला ४ हजार.